ह्या खेपेची संध्या

१

मयूरीला रस्त्यावर उभं राहून गाडी थांबवायची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती गाडी थांबल्यावर. दार उघडलं की माणूस विचारणारच: कुठली, कुणाची, एकटीच का, लग्न झालं का. जगाच्या पाठीवर कुठेही जा, प्रश्न हेच, नुसती भाषा बदलते. शाळेत हजेरीला तोंड उघडावं लागू नये म्हणून ही मुलगी पहिल्या बाकावर बसून नुसता हात वर करायची. तीच मुलगी अडीच वर्षं परक्यांच्या गाड्यांमधून एकटी फिरली, हे गावात कुणाला सांगितलं तर हसतील. पण लाजाळू माणसाला परका सोपा पडतो. तो एकदाच भेटतो. घरच्यांना रोज तोंड द्यावं लागतं.

तिनं एक युक्ती शोधून काढली होती. युक्ती कसली, पळवाट. समोरचा जे समजेल ते समजू द्यायचं आणि मान हलवायची. तुर्कस्तानात एका ट्रकवाल्यानं तिला पाकिस्तानी ठरवून टाकलं, तर दिवसभर ती पाकिस्तानी होती. तो लाहोरच्या हवेबद्दल काही विचारत होता, तेव्हाही तिनं मान हलवली. जॉर्जियात एका नवराबायकोची समजूत झाली की ही मुलगी डोंगरातल्या मठात निघाली आहे. त्यांनी वाट वाकडी करून तिला मठाच्या दारात उतरवलं, आणि त्यांची गाडी वळेपर्यंत ती बिचारी तिथे हात जोडून उभी राहिली. चिलीत तर कहर झाला. एक म्हातारा तिला नातीची मैत्रीण समजला. मैत्रीण त्याच दिवशी येणार होती, नात दुसऱ्या दिवशी. म्हातारा हिला घरी घेऊन गेला. अंथरूण घातलेलं होतं, चुलीवर सूप होतं. मयूरीनं सूप घेतलं, त्या अंथरुणात झोपली, आणि सकाळी नात यायच्या आत सगळ्यांचा निरोप घेऊन निघाली. कोणाचं काय बिघडलं? तेव्हा तिला असंच वाटलं होतं. खरी मैत्रीण नंतर दारात येऊन उभी राहिली असेल तेव्हा तिला त्या घरानं काय म्हटलं असेल, हा विचार काही तिच्या डोक्यात आला नाही.

आता ती घरी निघाली होती. घर ब्राह्मणपुरीला, शहादा तालुक्यात. घरात एकटी आई, अनुसयाबाई. बाप गेल्यावर केळीची बाग हिनं एकटीनं उभी ठेवली, आणि बागेच्या ह्या टोकाला बोललं की त्या टोकाच्या मजुराला ऐकू जाईल असा हिचा आवाज. अशा बाईच्या पोटी ही मूग गिळून बसणारी पोर. मयूरी गेली तीसुद्धा न बोलता, फोनवर चार ओळी पाठवून. त्यानंतर अडीच वर्षं आईनं तिचा फोन उचलला नाही. मागच्या आठवड्यात उचलला.

“ये घर,” आई म्हणाली. “पन ह्या टाइमले तोंड उघडीसन बोल. कथी गयी, काय करं, सारं सांग. मुकी येशी ते मुकीच परत जाय.”

आणि फोन ठेवला. एवढंच. पण दार उघडलं होतं, आणि ते पुन्हा लागलं तर कायमचं लागेल हे मयूरीला पक्कं माहीत होतं. म्हणून कोलकात्यापासून ट्रकमागून ट्रक बदलत येताना ती सगळी वाट ओठांतल्या ओठांत बोलत आली होती. आईला आधी काय सांगायचं, मग काय, हसवायचं कुठे.

२

सकाळी नंदुरबारच्या बाहेर एका ट्रकनं तिला उतरवलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरची वाळत घातलेली होती, लांबच लांब, आणि हवेतच ठसका होता. मयूरीनं ओढणी नाकाला लावली आणि शिंकत शिंकत प्रकाशा गावाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. एस. टी. होती. काळी-पिवळीही होती. पण सगळं जग हात देऊन फिरलो, आता शेवटचा तुकडा तिकीट काढून कशाला, अशी तिची आपली एक हौस.

हात वर करायच्या आतच एक पिकअप येऊन थांबला. मागे पपईचे रिकामे क्रेट, त्यात जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे फडफडत होते. चालवणारा पन्नाशीचा, गळ्यात पंचा.

“अव संध्या!” तो म्हणाला. “कव्हय उनी?”

मयूरीनं मागे वळून पाहिलं. मागे मिरचीशिवाय कुणी नव्हतं.

“बठ, बठ. मी लोणखेडालेच जाई ऱ्हायनू.”

लोणखेडा तिच्या वाटेवरच होतं. तिथून ब्राह्मणपुरी ती काय लांब. एवढ्याशा वाटेसाठी मी संध्या नाही, मी अमुक, अमक्याची, इतके दिवस कुठे होते, हे सगळं सांगत बसायचं? तिनं मान हलवली आणि चढली.

त्याचं नाव मगन. ते तिला त्याच्या मोबाइलवर आलेल्या फोनवरून कळलं. गाडी चालू झाल्यावर तो बोलत राहिला. चुनीलालभाऊचा गुडघा आता बरा आहे, रेवाबाईनं पापड करून ठेवलेत, गल्लीतला बोअर आटला. संध्याच्या घरच्या गोष्टी असणार. मयूरी ऐकत होती आणि मधूनमधून मान हलवत होती. सवयीचं काम.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते कळायला आणखी थोडा वेळ लागला. हा माणूस काही विचारत नव्हता. अडीच वर्षांत शेकड्यांनी गाड्यांत बसली असेल ती. प्रश्न न विचारणारा ड्रायव्हर तिला एकही भेटला नव्हता. ‘कव्हय उनी’, कधी आलीस, म्हणाला तेवढंच, आणि त्याचंही उत्तर त्याला नको होतं. एवढ्या दिवसांनी भेटलेल्या गल्लीतल्या मुलीला माणूस विचारेल ना, कुठे होतीस, काय करतेस? तिच्या पाठीवरची एवढी मोठी सॅक, तिच्यावरची परक्या देशांची कापडी चिन्हं, त्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्याकडेही नाही. नजर समोर रस्त्यावर.

प्रकाशाच्या पुलाअलीकडे तो चहाला थांबला. टपरीवाल्या बाईनं चहा गाळता गाळता मयूरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाय बघायला आलेला माणूस बघतो तसं.

“हाई का, भाऊ?” हीच का, असं तिनं मगनला विचारलं.

“हां,” मगन म्हणाला. “हाईच.”

बाईनं मयूरीच्या चहात न विचारता आणखी साखर घातली. मयूरीला गोड चहा आवडत नाही. तिनं तो सगळा पिऊन टाकला.

३

पुलावरून तापी ओलांडताना तिनं स्वतःची समजूत घातली. लोकांची चूक होते. उन्हातान्हानं काळवंडलेली, केस कापलेली, किरकोळ अंगाची मुलगी; अशा दहा संध्या असतील शहादा तालुक्यात. लोणखेड्याच्या स्टॉपवर उतरायचं, थँक्यू म्हणायचं, सुटलो. पण मगननं गाडी स्टॉपवर थांबवली नाही. आपल्याकडे ओळखीच्या मुलीला फाट्यावर सोडून जायची पद्धत नाही, दारापर्यंत नेतात. तिला हे ठाऊक असायला हवं होतं. अडीच वर्षांत विसरली होती.

कॉलेज मागे पडलं, ऊस सुरू झाला, आणि एका सिमेंटच्या घरापाशी पिकअप थांबला. नवंच घर, पुढे जाळीची पडवी, शेजारी आणखी दोन-तीन घरं. हॉर्न वाजताच शेजारच्या बायका दारात आल्या. जाळीच्या आतून साठीची एक बाई बाहेर आली. रेवाबाई हीच असणार. हिरवं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. तयारच ठेवलेला असावा.

“उनी व मन्ही माय,” ती म्हणाली. “थांब. उंबरठावर थांब.”

हीच वेळ होती. मयूरीनं तेव्हाच म्हणायला हवं होतं: काकू, तुमची गफलत होतेय, मी अनुसयाबाईंची मयूरी. किती शब्द लागतात? पण चार बायका बघत होत्या. मगन हसत होता. सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्या बाईचं हसं होईल, आपल्याकडे सगळे वळून बघतील, मग प्रश्न, मग आणखी प्रश्न. रेवाबाईनं भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून रस्त्यापलीकडे फेकला, पायांवर पाणी घातलं आणि तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली.

आत जाऊ, पाणी पिऊ, मग हळूच एकटीला सांगू, असं ठरवून मयूरी उंबरठा ओलांडून आत गेली. बायका आपापल्या घरात वळल्या. त्यांच्यातल्या एकीनंही ‘बरी आहेस का’ म्हणून विचारलं नाही.

४

घरात खुर्चीवर चुनीलाल बसला होता, रेवाबाईचा नवरा. गुडघ्याला पट्टा. त्यानं पेपर खाली केला, मयूरीकडे पाहिलं, समाधानानं मान डोलावली.

“सकायले गयी, दुफारले उनी,” तो बायकोला म्हणाला. “ह्या खेपले जास्त वाट देखनी लागनी नही.”

आणि पेपर पुन्हा वर केला.

मयूरी ते वाक्य मनात घोळवत उभी राहिली. सकाळी कोण गेली? ती वाक्य सरळ करून बघत होती. संध्या सकाळी कुठेतरी गेली असेल, आणि ती परत आली असं ह्यांना वाटतंय. म्हातारी माणसं, नजर अधू. पण चुनीलालच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि तो पेपर वाचत होता. बारीक अक्षरांतला.

“न्हाई ले,” रेवाबाई न्हाणीकडे बोट दाखवून म्हणाली. “कपडा कपाटमा शेतस.”

मधल्या खोलीत पलंग होता, वर पंखा टक टक करत फिरत होता. चादर एका बाजूला सरकलेली. खिडकीत कपबशी, कपात तळाशी थोडा चहा, त्यावर साय धरलेली. दोरीवर टॉवेल. तिनं टॉवेलला हात लावला. ओला होता. मार्चचं ऊन, खिडकीतून झळा येत होत्या, तरी ओला, म्हणजे सकाळीच कुणीतरी न्हालेलं. ठीक आहे. संध्या सकाळी न्हाली, चहा अर्धा ठेवला, गेली. घाई असेल. ह्यात भिण्यासारखं काय आहे?

तिनं कपाट उघडलं.

पंजाबी ड्रेस घड्या घालून रचलेले, इस्त्रीचे, नीट. सगळ्यात वरचा तिच्या मापाचा होता. त्याखालचा तिनं उगाच उलगडून पाहिला, तर त्यात तिच्यासारख्या दोन मावल्या असत्या. त्याखालचा अगदी आखूड, एखाद्या बुटक्या मुलीचा. त्याखालचा लांबलचक, बाह्यांना हात पुरले नसते असा. एकाची फॅशन आताची, एकाची तिच्या शाळेतल्या दिवसांची, सगळ्यात खालच्याला मोठाले खांदे शिवलेले, आईच्या जुन्या फोटोत असतात तसे. प्रत्येकाच्या गळ्याला आतून लाल दोऱ्यानं एकच अक्षर काढलेलं होतं. सं.

एक मुलगी वाढते, जाड होते, बारीक होते, असं मयूरीनं स्वतःला सांगून पाहिलं. पण मुलगी लांब होऊन पुन्हा आखूड होत नाही. ती घड्या घालत बसली, जशाच्या तशा, कारण पसारा केला तर विचारतील. ती कडेला कड जुळवत होती. ह्या मुलीला भीतीतसुद्धा शिष्टाचार सुटेना, ह्याला काय म्हणावं!

भिंतीवर फोटो होता. रेवाबाई, चुनीलाल आणि मध्ये मुलगी. मुलीनं मान खाली घातली होती, त्यामुळे भांगच दिसत होता. शेजारी दुसरा फोटो, तेच दोघं, केस थोडे पांढरे, मध्ये मुलगी. तिचीही मान खाली. तिसरा फोटो बघायला ती गेली नाही.

५

जेवायला भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पापड. चुनीलालनं बाहेरच्या खोलीत ताट घेतलं. स्वयंपाकघरात दोघीच. मागच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात मोटर चालू होती, तिचा एकसुरी आवाज येत होता. मयूरी भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. सगळी वाट आईसाठी जमवून ठेवलेला धीर तिनं इथे खर्च केला.

“काकू,” ती म्हणाली. “मी संध्या नाहीये.”

आवाज फार लहान निघाला. रेवाबाईला ऐकू गेला नसेल असं वाटलं. मग रेवाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“माहीत शे माले,” ती म्हणाली.

मोटरचा आवाज चालू राहिला.

“कोनीच नही व्हती,” रेवाबाई म्हणाली, कंटाळलेल्या माणसासारखी, पुष्कळदा सांगून झालेलं पुन्हा सांगावं तशी. “पयली रडनी. तिन्हामांगली दोन दिन जेवनीच नही. तू जेवस, चांगलं शे. भरीत आखो दिऊ का?”

“मग खरी संध्या कुठे आहे?”

रेवाबाईनं पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. बघण्यात राग नव्हता, वेडही नव्हतं. उलट थोडी कीव होती.

“तू बठेल शे ना आठे,” ती मयूरीच्या ताटाकडे बोट करून म्हणाली.

आणि मग आपणहून, भाकरी थापता थापता, “तुले कोनी बांधं का? दार उघडं शे.”

दार खरंच उघडं होतं. जाळीची पडवी, तिच्या पलीकडे रस्ता, रस्त्यावर ऊन. मयूरी उठली. हात धुतले. कुणी अडवलं नाही, आणि हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. सॅक उचलून ती बाहेर पडताना चुनीलालनं पेपरमागून पाय आत घेतले, तिला जायला वाट व्हावी म्हणून.

“जाय,” आतून रेवाबाई म्हणाली. “देखी ये.”

६

फाट्यावर ॲपे रिक्षा उभी होती. ह्या वेळी मयूरीनं हात दिला नाही, हौस फिटली होती. मुकाट्यानं ड्रायव्हरशेजारी बसली. मागे बायका, पिशव्या, एक बकरी. ड्रायव्हर पोरगेलासा, लखन म्हणून मागच्या बाया त्याला हाका मारत होत्या. लखन बोलका होता. विचारत नव्हता, सांगत होता, त्यामुळे तिला जरा बरं वाटलं.

“ब्राह्मणपुरीले का?” तो म्हणाला. “आज सारा लोके ब्राह्मणपुरीलेच. अनुसयाबाईनी आंडेर उनी ना सकायले! सारं जग फिरीसन उनी, लोकेसना गाड्यासमा बठीसन. मन्हाच रिक्षामा आणी मी तिले.”

अनुसयाबाईंची मुलगी सकाळीच आली. मयूरीच्या कानात काहीतरी बंद झालं. रिक्षा चालत होती, लखनचे ओठ हलत होते, आणि मग आवाज पुन्हा आला.

“आनि काय बोलस, काय बोलस! हसी हसी पोट दुखी गयं मन्हं. लोके म्हनेत, अनुसयाबाईनी पोर मुकी शे. कोन म्हने मुकी?”

मागच्या बायका हसल्या. एकीनं म्हटलं, बाई गं, म्हातारीचे दिवस पालटले.

आता बोल, असं मयूरीनं स्वतःला सांगितलं. आता नाही तर कधी? अनुसयाबाईंची मुलगी मी आहे. मी. तिनं तोंड उघडलं. लखननं तिच्याकडे पाहिलं, मागच्या बायकांनी पाहिलं, बकरीनंसुद्धा पाहिलं. एवढ्या जणांनी आनंदानं मानलेली गोष्ट आपण एका वाक्यात खोटी पाडायची, आणि ती खरी करून दाखवायची कशानं? ती मुलगी बोलकी आहे म्हणून मुलगी ठरली. हिला आपण मयूरी आहोत हे बोलून सिद्ध करायचं होतं, आणि तेच तिला येत नव्हतं. तिला स्वतःची चीड आली. इतकी चीड की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तिनं मान बाहेर काढली. केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या.

गाव यायच्या आधीच ती उतरली.

७

घराला मागून वाट होती, बागेतून. तिला ती अंधारातही सापडली असती, पण आता चांगलं ऊन होतं, चार वाजले असतील. केळीची पानं एकमेकांवर घासून खरखरत होती. तिनं ठरवलं होतं, नुसतं बघायचं. लखन बढाया मारत असेल. आईची कुणी भाची आली असेल आणि गावानं दोरीचा साप केला असेल. बुद्धीला जेवढे आधार सापडले तेवढे तिनं गोळा केले आणि अंगणाच्या फाटकापाशी आली.

आधी हसू ऐकू आलं. आईचं. मयूरीला वाटलं, शेजारची कुणी बाई असेल, कारण बाप गेल्यापासून हे हसू तिनं ऐकलं नव्हतं, आणि तिच्या एकटीसाठी तर ते कधीच नव्हतं.

अंगणात बाजेवर अनुसयाबाई बसली होती. तिच्या पायांपाशी, फाटकाकडे पाठ करून, एक मुलगी. आई तिच्या केसांना तेल लावत होती. केस लांब होते, तेलानं काळेभोर दिसत होते. मुलगी हातवारे करून सांगत होती:

“...आनि त्या ड्रायव्हरनी बायकोनी मन्हा मांडीवर बदक ठी दिन्हं! जितं बदक, माय! ते झोपी गयं. आते उतरू कसी? बदक जागं व्हई जाई. मी काय करं, पुढला गावलोंग तशीच बठी ऱ्हायनी!”

आई मागे रेलून हसली, तेलाचा हात कपाळावर मारून घेतला. “येडी! बदकना करता?”

लाओसमधली गोष्ट होती. ती मयूरीनं कुणाला सांगितली नव्हती, कुठे लिहिली नव्हती. कोलकात्यापासून इथपर्यंत ती गोष्ट तिनं घोटून घोटून तयार केली होती, आईला पहिली हीच सांगायची म्हणून. आवाज मयूरीचा नव्हता. शब्द तिचेच होते, ज्या क्रमानं तिनं लावले होते त्याच क्रमानं. आणि खरं सांगायचं तर त्या मुलीनं ती फार छान सांगितली. मयूरीला इतकी छान जमली नसती.

फाटक वाजलं. बहुतेक तिचाच हात लागला असावा. अनुसयाबाईनं वर पाहिलं.

“कोन शे व? पानी पायजे का?”

मयूरीनं मान हलवली. मान आपोआप हलली.

आई उठली, माठातून तांब्या भरून फाटकापाशी आली. केळीवरचा करपा लांबून ओळखणारी तिची नजर, त्या नजरेनं तिनं मयूरीला समोरून पाहिलं. कापलेले केस, सॅक, भेगाळलेले ओठ. मयूरी पाणी प्यायली. पाणी हनुवटीवरून सांडलं. आईनं हात पुढे करून पदरानं ते पुसलं, मग गाल पुसला, मग तिचा अंगठा वर गेला, डाव्या भुवईखाली, जिथे चार वर्षांची असताना हौदाच्या काठावर पडून मयूरीला टाका पडला होता. रक्तानं भरलेल्या त्या पोरीला ह्याच बाईनं उचलून शहाद्यापर्यंत पळत नेलं होतं. अंगठा त्या व्रणावर थांबला. नेमका तिथेच. अंगठा तेलकट होता.

“आई,” मयूरी म्हणाली. मोठ्यानं. तिला वाटलं नव्हतं इतक्या मोठ्यानं.

आईच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पाठीमागे बाजेपाशी ती मुलगी वळू लागली, तिचा कान दिसला, गालाची कड दिसली, आणि मयूरीची नजर खाली गेली. बघायचं होतं, पण गेली.

“कोन शे व, माय?” मुलीनं हसत विचारलं.

अनुसयाबाईनं अंगठा काढून घेतला.

“कोनी नही,” ती मागे न बघता म्हणाली. “लोणखेडानी संध्या शे. रेवाबाईनी.”

मयूरीनं ते नाव इथे उच्चारलं नव्हतं. तिनं वर पाहिलं तेव्हा आईचे डोळे भरलेले होते, आणि त्यांत विनवणी होती. ह्या बाईनं आयुष्यात कुणाची विनवणी केलेली मयूरीला आठवत नव्हती.

“जाय, माय,” आई हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज इतका हळू निघू शकतो हेही मयूरी आजच ऐकत होती. “तुन्ही माय वाट देखत व्हई.”

रिकामा तांब्या तिनं मयूरीच्या हातातून सोडवून घेतला, फाटक ओढलं आणि आतून कडी लावली.